आगाऊ चंद्र

फ्लॅश कशाला हवाय, हा प्रश्न मला घरातल्या प्रत्येकानं विचारला. स्वतःला विचारला नाही तो फक्त मी. कॅमेऱ्याच्या टाळूवर एक चिमुकला फ्लॅश आधीपासून होताच, बटण दाबलं की टुणकन उभा राहायचा, आणि आमच्या हिच्या मते तेवढा पुष्कळ होता, कारण घरातले सगळे चेहरे ती रोज बघतेच आणि ते आणखी उजेडात बघायची तिला काही घाई नव्हती. पण सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी काढलेले फोटो तुम्ही पाहिले असते ना, तर तुम्ही माझ्या बाजूनं बोलला असता. नव्वदीला टेकलेल्या आमच्या आत्तेसासूबाई, ज्यांनी उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवला नाही, त्या लालबुंद डोळ्यांनी केककडे बघताहेत. शेजारी साडू, तेही लाल. साडूंच्या मांडीवर नुकतं बसायला लागलेलं नातवंड, तेही लाल. आणि प्रत्येक फोटोच्या तळाशी, बरोब्बर मधोमध, एक काळाभोर अर्धगोल.

डोळ्यांचं कारण मला पुढे कळलं. फ्लॅश लेन्सला फार खेटून असला की उजेड बाहुलीतून सरळ आत शिरतो, मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवर आपटतो आणि लाल होऊन आल्या वाटेनं लेन्समध्ये परत येतो. अर्धगोलाचं कोडं मात्र सुटेना. लेन्सला ओल धरली असेल म्हणून मी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, बोट आडवं येत असेल म्हणून काही फोटो बोटं फाकवून काढले, त्यात कॅमेरा पडता पडता वाचला, आणि शेवटी संगणकावर प्रत्येक फोटोचा तळ कापून टाकायला बसलो, तेव्हा केक गेला. अखेर धाकट्या मेहुण्यानं फोटो बघितला, कॅमेरा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, लेन्सच्या तोंडाला हे काळं नळकांडं लावलंय ना तुम्ही, त्याची सावली आहे ती."

त्या नळकांड्याला हूड म्हणतात. उन्हाची तिरीप लेन्सवर येऊ नये म्हणून ते लावायचं असतं. मी रात्री आठ वाजता दिवाणखान्यात लावलं होतं, कारण ते लावलं की कॅमेरा मोठा दिसतो.

माणसानं पौर्णिमेचे हजार चंद्र पाहिले की त्याचं सहस्रचंद्रदर्शन करतात, आणि हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. सासऱ्यांचे दहा महिने बाकी होते. जावयानं एक चंद्र आगाऊ दिला. काळा.

तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आपण काढायचे आणि नवा, मोठा, वेगळा बसवायचा फ्लॅश घेऊनच काढायचे, असं मी त्याच रात्री जेवताना जाहीर केलं. सासरच्या मंडळींनी ते शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एक धंदेवाईक फोटोग्राफर ठरवून टाकला. म्हणजे माझ्यावर कसलीच जबाबदारी उरली नाही. आणि ज्या कामाची जबाबदारी नसते ते काम मी जीव ओतून करतो.

अभ्यासात पहिल्यांदा भेटला तो गाईड नंबर. फ्लॅशची ताकद सांगणारा हा आकडा म्हणजे माणसाचं अंतर गुणिले लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा. आयएसओ १०० ला गाईड नंबर ४० असेल आणि माणूस ५ मीटरवर उभा असेल, तर छिद्र एफ ८ ठेवायचं. पाच आठे चाळीस. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला असं गणित दिसलं की त्याला मग फोटोबिटो काही दिसत नाही. मी दोनशे पानी वही आणली, तिला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, उभ्या रकान्यात अंतर आणि आडव्या रकान्यात एफ आकडे घालून कोष्टकं आखली, आणि समारंभ जिथं व्हायचा होता त्या मंगल कार्यालयात जाऊन, वॉचमनच्या हातात टेपचं एक टोक देऊन, हॉलची लांबी मोजली, रुंदी मोजली, स्टेजपासून पहिल्या रांगेचं अंतर मोजलं, अगदी भोजनगृहाच्या दारापर्यंत मोजलं. वॉचमनला मी महापालिकेचा माणूस वाटलो, त्यानं चहा पाजला. वर मात्र मी बघितलं नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आकड्यांच्या मागे लागलो. एका फ्लॅशचा गाईड नंबर ३६, दुसऱ्या जुन्या वापरलेल्याचा १२०, आणि किंमत पहिल्याच्या निम्मी. जगाला जे दिसत नाही ते आपल्याला दिसलं, या आनंदात मी त्या दिवशी येताना जिलबी घेऊन आलो. मेहुणा जिलबी खाऊन झाल्यावर म्हणाला, "भाऊजी, छत्तीस मीटर आहेत. एकशेवीस फूट आहेत." छत्तीस मीटरचे फूट करून बघितले तर ११८ भरले. दोन्ही फ्लॅश एकाच ताकदीचे होते, फक्त एकाची मोजपट्टी विलायती होती. त्यावर मेहुण्यानं आणखी एक सांगितलं, की कंपन्या हा आकडा बहुधा फ्लॅशचं डोकं झूम करून देतात. कॅननच्या ६०० क्रमांकाच्या फ्लॅशमधला ६० हा आकडा डोकं २०० मिलिमीटरवर नेऊन मिळतो, ४३० मधला ४३ हा १०५ मिलिमीटरवर. म्हणजे उजेड अरुंद झोतात आवळायचा आणि मग मोजायचा. आमच्या सासुरवाडीचा ग्रुप फोटो त्या झोतात मावणं शक्य नव्हतं. एकट्या मोठ्या मेहुण्यांनाच रुंद कोन लागतो.

आणि ताकद कितीही असो, उजेड वाटायची फ्लॅशची रीतच वाईट. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर येतो. नवखा वाढपी पंगतीच्या पहिल्या चार पानांवर श्रीखंडाचे डोंगर रचतो आणि शेवटच्या पानाला नुसतं पातेलं दाखवतो, त्यातला प्रकार. पुढच्या रांगेतले व्याही पांढरेफटक, मागच्या रांगेतले चुलते काळोखात, आणि मग चुलते वर्षभर बोलत नाहीत.

मधल्या काळात शेजारच्या नानांनी त्यांचा जुना फ्लॅश आणून दिला. चांगला अर्धा किलोचा, कातडी म्यानातला, "घे, नाहीतरी धूळच खातोय" असं म्हणून. मी तो लगेच कॅमेऱ्यावर चढवणार, तेवढ्यात मेहुण्यानं हात धरला. जुन्या फ्लॅशमध्ये काहींच्या बुडाच्या संपर्कबिंदूवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. जुन्या कॅमेऱ्यांत तिथं नुसता पत्र्याचा खटका होता, त्याला काही व्हायचं नाही, पण आताच्या कॅमेऱ्यातली नाजूक इलेक्ट्रॉनिक्स एका झटक्यात मान टाकू शकतात. फ्लॅश परत केला. का परत केला हे मी नानांना व्होल्टसकट समजावून सांगितलं, ते त्यांना "तुमचा फ्लॅश धोकादायक आहे" असं ऐकू गेलं, आणि त्या वर्षी गणपतीत त्यांच्याकडचे मोदक आले नाहीत.

खरं म्हणजे फ्लॅशची भीती आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. वडिलांच्या वेळी काचेचे बल्ब असत, एका फोटोला एक बल्ब, आत तारेचा बारीक गुंता, उडाला की बल्ब संपला. निळसर काच जाळीदार तडकायची, वरचा लेप बुडबुडून यायचा आणि तो काढताना हाताला चटका बसायचा. बल्ब महाग, म्हणून वडील आधी सगळ्यांना दम भरत, "डोळे मिटायचे नाहीत, पैसे पडतात." त्यामुळे आमच्या अल्बममधली झाडून सगळी भावंडं डोळे घट्ट मिटून उभी आहेत. त्याच्याही आधीची गोष्ट मी एकदा हिला स्वयंपाकघरात सांगत होतो, की १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या पुडीचं मिश्रण केलं, ते उघड्या तबकडीत पेटवायचे, भप्पकन उजेड व्हायचा, खोलीभर पांढरा धूर कोंडायचा आणि राख सगळीकडे बसायची. हिनं कढईतून डोकं वर न काढता विचारलं, "आणि मग पुसायचं कोण?" इतिहासकारांनी या अंगानं विचार केलेला नाही.

शेवटी बोरा बझारला गेलो. व्हीटी स्टेशनच्या समोर फोर्टात शिरलं की ही गल्ली लागते आणि मुंबईतल्या कॅमेरावाल्यांची ती पंढरी. लोकलच्या गर्दीत कॅमेरा नको म्हणून तो घरी ठेवून गेलो होतो. एवढ्या अभ्यासातला एवढाच व्यवहारी निर्णय, आणि तोच नडला. काउंटरमागचा माणूस फार सज्जन होता, हे आधीच सांगून ठेवतो.

"कुठल्या कॅमेऱ्याला पाहिजे?"

"माझ्या."

"तसं नव्हे साहेब, कुठला कॅमेरा?"

"काळा."

त्यानं एक दीर्घ श्वास घेतला. टीटीएल पाहिजे का, विचारलं. टीटीएल मला पाठ होतं: फ्लॅश आधी एक बारीकशी ठिणगी उडवून बघतो, वस्तूवरून परतलेला उजेड कॅमेरा लेन्समधून मोजतो आणि खरा फ्लॅश किती उडवायचा ते ठरवतो, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. मी त्याला हे पूर्ण सांगितलं. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती. हायस्पीड सिंक पाहिजे का? पाहिजे. दुसऱ्या फ्लॅशच्या इशाऱ्यावर उडणारा पाहिजे का? पाहिजे. डोकं गोल फिरणारं? पाहिजे. "मग फक्त कॅमेऱ्याचं नाव सांगा, त्यावर काय लिहिलंय?" मी डोळे मिटून कॅमेरा डोळ्यांपुढे आणला. पहिल्यांदा दिसला गळ्यातला पट्टा, आणि पट्ट्यावर ठसठशीत पिवळी अक्षरं. "पिवळं लिहिलंय," मी म्हणालो. "मग निकॉन," तो म्हणाला. "हां, तोच!" मी म्हणालो, आणि दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

पट्टा भाच्याचा होता. मूळ पट्टा आमच्या हिनं भाजीच्या ट्रॉलीला बांधलाय.

माझा कॅमेरा कॅननचा आहे.

यातली खरी मेख अशी की तो फ्लॅश कॅमेऱ्यावर बसतो. अगदी गुण्यागोविंदानं, खटकन बसतो. वरचा पत्र्याचा खाचा दोघांचा एकाच मापाचा, आणि मधला मोठा गोल बिंदूही एकाच जागी. तो बिंदू फ्लॅशला फक्त "उड" एवढं सांगतो. किती उडायचं, कधी थांबायचं, समोर कोण आहे, हे सांगणारे बारीक बिंदू आजूबाजूला असतात आणि ते दोघांचे वेगवेगळ्या जागी. त्यामुळे माझ्या घरात कॅमेरा आणि फ्लॅश यांचं बोलणं नव्हतं. ज्या टीटीएलसाठी दुप्पट पैसे मोजले ते टीटीएल डब्यातल्या पुस्तिकेत राहिलं. पावतीच्या खाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं होतं, आणि परत न्यायला मला तोंडही नव्हतं. मी घरात जाहीर केलं, की मुरलेले फोटोग्राफर फ्लॅश मॅन्युअलवरच वापरतात.

"म्हणजे काय?" हिनं विचारलं.

"म्हणजे सगळं हातानं ठरवायचं."

"तुमच्या?" हिनं विचारलं.

मग सेलचं आलं. फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात, आणि रविवारी दुपारी ते हवेसे झाल्यावर मी भिंतीवरच्या घड्याळातला एक, स्वयंपाकघरातल्या घड्याळातला एक आणि टीव्हीच्या रिमोटमधले दोन असे उचलले. घड्याळाच्या सेलांची सगळी हयात चिमूट चिमूट वीज देण्यात जाते. फ्लॅशला ती परातभर लागते, तीही ताबडतोब, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट चढल्याखेरीज तो उडतच नाही. एकदा उडाला की टूंऽऽऽ असा बारीक आवाज सुरू होई आणि तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत समोरची माणसं दात दाखवून ताटकळत. एका फोटोत हसून दुसऱ्या फोटोपर्यंत साडूंना पेंग आली. घरात तर बरेच दिवस सव्वाचारच वाजले होते. अखेर भाच्यानं चार्ज करायचे निकेल मेटल हायड्राइडचे सेल आणून दिले. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून मी "हे तर १.५ पेक्षा कमी" म्हणून नाक मुरडलं, पण मागितलेली वीज एकदम देण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. टूं म्हणेपर्यंत दिवा लागायचा.

भाच्यानं जाता जाता आणखी एक गोष्ट केली. फ्लॅशचं डोकं धरून त्यानं ते सरळ छताकडे वळवलं आणि म्हणाला, "मामा, आता काढ." माझा विश्वास बसेना. ज्या माणसाचा फोटो काढायचा त्याच्याकडे पाठ फिरवून फ्लॅश उडवायचा, मग माझ्या कोष्टकांचं काय? पण काढला. आमची ही खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती. उजेड छतावर गेला, अख्खं छत उजळलं आणि तिथून तो खाली अलगद, सगळीकडे सारखा उतरला. नाकाखाली काळी मिशी नाही, मागे भिंतीवर भूत नाही, डोळे काळेभोर, लसणाच्या पाकळीवरचं जांभळट साल वेगळं दिसतंय, बांगडीची कड वेगळी दिसतेय. इतका सुंदर फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता. मी कॅमेरा हिच्यापुढे धरला. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छताचा रंग चांगला दिलाय हो पेंटरनं."

ती अचूक बोलली होती. मला कळलं नाही.

समारंभाच्या दिवशी मी पांढराशुभ्र झब्बा घालून, गळ्यात कॅमेरा, खिशात वही, असा सगळ्यांच्या आधी कार्यालयात हजर. फ्लॅशचं डोकं रुबाबात वर वळवलं आणि त्याच्या पाठोपाठ, आयुष्यात पहिल्यांदा, त्या हॉलमध्ये मीही वर बघितलं. वर गुलाबी कापड होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झालरीझालरींनी चुणीदार ताणलेलं गर्द गुलाबी कापड, मध्ये जांभळ्या पट्ट्या, आणि सगळं दोन मजले उंच. छतावरून परतणारा उजेड छताचा रंग घेऊन परततो. तिथून जो थोडाफार परतला त्यानं सगळं घराणं गुलाबी करून सोडलं. भटजी गुलाबी, कलश गुलाबी, सासूबाईंची मोतिया रंगाची पैठणी गुलाबी. त्यांनी ती महिनाभर हिंडून निवडली होती.

तेव्हा म्हटलं, डोकं सरळ समोर आणि ताकद पूर्ण. इथं आणखी एक गोष्ट आडवी आली. सकाळी अंगणातल्या रांगोळीवरच्या चिमण्या टिपताना मी शटर १/५०० वर नेलं होतं, ते तिथंच होतं. शटरला दोन पडदे असतात, एक उघडत जातो आणि दुसरा त्याच्या मागून मिटत येतो. १/२०० च्या पलीकडे गेलं की माझ्या कॅमेऱ्यात अख्खी चौकट एकदम उघडी अशी कधी नसतेच, नुसती फट सरकत जाते, आणि त्या फटीपुरताच फ्लॅश लागतो. जातीचा फ्लॅश असता तर कॅमेऱ्यानं आपणहून वेग खाली आणला असता. माझ्या कॅमेऱ्याला डोक्यावर फ्लॅश आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यामुळे चौकटीचा खालचा भाग काळाठिक्कर, वरचा लख्ख. सत्कारमूर्ती खुर्चीवर बसले होते, म्हणजे खालच्या भागात. मागे उभे राहिलेले, आयत्या वेळी जेवायला आलेले, कुणालाच नीट न आठवणारे गृहस्थ मात्र अप्रतिम आलेत.

वेग खाली आणला आणि मग औक्षण आलं. सुना, लेकी, नाती एक्क्याऐंशी दिव्यांचं ताट घेऊन उभ्या राहिल्या, कुणीतरी वरचे दिवे मालवले, आणि सासऱ्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर तुपाच्या ज्योतींचा तो हलता, सोनेरी उजेड पडला. साऱ्या हॉलला आवंढा आला. मी पुढे झालो, गुडघ्यावर बसलो आणि पूर्ण ताकदीनं, दीड मीटरवरून, फ्लॅश उडवला. फोटोत सासऱ्यांच्या चष्म्यात दोन पांढऱ्या चकत्या आहेत, कपाळ कोऱ्या कागदाचं आहे, ज्योती बोट ठेवून शोधाव्या लागतात आणि त्यांचा उजेड कुठंही नाही. हॉलमध्ये क्षणभर कुणालाच काही दिसेना. ताट हललं. एका मामेसासूबाईंनी "शॉर्टसर्किट!" म्हणून ओरड केली. सासरे डोळे चोळत म्हणाले, "जावईबापू, हजार चंद्र झाले, आता काजवे मोजतोय."

मला कोपऱ्यात नेलं गेलं. तिथं तो ठरवलेला फोटोग्राफर, पंचविशीचा पोरगा, अदबीनं माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही जरा माझ्याबरोबर राहाल का? इथं, माझ्या डावीकडे, थोडं मागे." माझा अनुभव त्याला हवाहवासा वाटला, हे ऐकून बरं वाटलं. तो स्टेजभर फिरला, मी त्याच्या मागे फिरलो. तो म्हणे "काका, अजून थोडे जवळ", मी सरकायचो. मधूनमधून मी त्याला गाईड नंबरचं सांगत होतो, तो मान डोलवत होता. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की त्याचा फ्लॅश समोर बघत नाही, वरही बघत नाही, तो मागे वळून माझ्याकडे बघतोय. त्या अख्ख्या गुलाबी हॉलमध्ये पांढरा पृष्ठभाग एकच होता आणि तो माझा झब्बा होता. माझ्या पोटावरून परतणाऱ्या मऊ उजेडात त्यानं सगळे फोटो काढले. अल्बम आला, तो बघून सगळे त्याची वाहवा करतात, आणि खरंच सांगतो, चेहऱ्यांवरचा उजेड बघत राहावा असा आहे. माझं पोट त्यात कुठंही दिसत नाही, पण प्रत्येक पानावर आहे.

तेव्हा तुम्हाला फ्लॅश घ्यायचा असेल तर माझी कोष्टकांची वही न्या, फुकट देतो, उपयोग शून्य. जिथं फोटो काढायचेत तिथं जाऊन आधी वर बघा. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर मधल्या ताकदीचा फ्लॅशही पुरून उरतो, फक्त त्याचं डोकं वर आणि मागे दोन्हीकडे वळायला हवं. छत गुलाबी असेल तर एखादा पांढऱ्या झब्ब्यातला जावई गाठा. दुकानात जाताना कॅमेरा गळ्यात घालून जा, पट्टा कुणाचाही असो. आणि तुमच्यात कुणी निकॉनवाले असाल तर एक फ्लॅश विकायला आहे. डोकं सगळीकडे फिरतं, ताकद पूर्ण, टीटीएल अजून कोरंकरकरीत, डबा, पिशवी, पुस्तिका सगळं जागेवर. किमतीचं हिच्याशी बोला. सेल मात्र तुमचे तुम्ही आणा. भाच्यानं दिलेले आम्ही घड्याळांत घातलेत आणि घड्याळं बरोबर चालताहेत.